डबा हलतो, जमीन हलत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे काढताना आणि परवानगीची प्रकरणे लावताना अलीकडे एक प्रश्न वरचेवर समोर येतो. वावरात, प्लॉटवर किंवा रस्त्याकडेच्या जागेत जहाजावरचा जुना कंटेनर आणून ठेवायचा आहे, त्याला परवानगी लागते का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. पाया नाही, वीट नाही, सिमेंट नाही, उद्या हायड्रा (क्रेन) लावला की उचलून नेता येतो, मग हे बांधकाम कसले? हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो आणि तो करणारा माणूस लबाडीने करत नसतो. तरीही या कामाने मला उलट निष्कर्षावर आणले आहे. डबा हलतो की नाही, हा प्रश्नच मुळात दुय्यम आहे. डबा टेकल्यावर त्या जमिनीवर काय सुरू होणार, किती काळ चालणार आणि आत माणूस झोपणार का, या तीन गोष्टींवर सगळे ठरते. कायदा ढोबळमानाने हेच पाहतो, आणि त्याने तसे पाहण्यात जागामालकाचेही हित आहे. ही बाजू मला नीट मांडायची आहे, कारण परवानगी म्हणजे केवळ अडवणूक अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे.

आधी गरज समजून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. हा कापसाचा मुलूख. वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो आणि भाव पटेपर्यंत घरातच राहतो. पुढच्या खोलीत छपरापर्यंत गंजी लागते, माणसे उरलेल्या जागेत झोपतात, अंगाला खाज सुटते आणि एका ठिणगीची धास्ती महिनोन्‌महिने डोक्यावर असते. कापूस हलका असला तरी जागा फार अडवतो, म्हणून कास्तकाराला वजन पेलणाऱ्या कोठीपेक्षा आकारमानाची कोठी हवी असते. वावरात फवारणीचे पंप, मोटार, केबल, खते ठेवायला कुलूपबंद जागा हवी असते. रानडुकरांपासून पीक राखायला रात्रीची जागल करावी लागते. आणि ज्या तालुक्यात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण मारली गेली, तिथे उघड्या मांडवापेक्षा पोलादी भिंत आधाराची वाटली तर नवल नाही. त्यात आमची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर साधी खोली टिकवायची तरी खोल पाया, मुरमाची भर, कॉलम-बीम असा खर्च येतो. अशा वेळी 20 फूट लांब, 8 फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असा तयार डबा, आतून सुमारे 33 घनमीटर जागा देणारा, एका दिवसात जागेवर येतो. त्याचे आकर्षण कुणालाही वाटेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या कलम 2 च्या पोटकलम 7 मध्ये आहे. तिचे दोन भाग ध्यानात ठेवावेत. पहिल्या भागात जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेली इमारतीची, अभियांत्रिकीची, खाणीची कामे येतात. दुसऱ्या भागात इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल येतो. म्हणजे एकही वीट न रचता ‘विकास’ घडू शकतो. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली इमारतीची व्याख्या करताना म्हणते की कोणत्याही कारणासाठी आणि कोणत्याही साहित्याची उभारलेली रचना, तिच्यात माणूस राहो वा न राहो, ही इमारत. प्रसंगापुरते परवानगीने उभारलेले तंबू आणि शामियाने तेवढे तिने वगळले आहेत. ‘कोणत्याही साहित्याची’ या दोन शब्दांनी पोलाद, पत्रा, लाकूड सगळे आत आले. आणि 1966 च्याच अधिनियमातले कलम 55 खास तात्पुरत्या स्वरूपाच्या विनापरवाना कामांसाठी आहे: लेखी आदेश मिळाल्यापासून 15 दिवसांत ते काढून घ्यावे लागते, आणि काम तात्पुरते आहे की नाही याबाबत नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम धरला जातो. ‘हे तर तात्पुरते आहे’ ही ढाल इथे उलटी फिरते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की जी वस्तू उचलून नेता येते ती जंगम मालमत्ता, तिचा जमिनीशी संबंध काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचेच शब्द काढता येतात. मुंबई महानगरपालिका विरुद्ध इंडियन ऑइल कॉर्पोरेशन हा 1991 च्या निकालसंग्रहांत छापलेला खटला पेट्रोलियमच्या टाक्यांवरील मालमत्ता कराचा होता. टाक्या नटबोल्टने जखडलेल्या नव्हत्या, स्वतःच्या वजनावर बसलेल्या होत्या. तरीही त्या करपात्र ठरल्या. न्यायालयाने कसोटी लावली ती कायमपणाची. वस्तू आहे त्याच अवस्थेत दुसरीकडे नेऊन वापरता येते की ती सुटी करून नव्या जागी पुन्हा उभारावी लागते? दुसरे उत्तर आले तर ती जमिनीशी जोडलेली. या कसोटीवर कंटेनर पहिल्या गटात बसतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो सुटा न करता, आहे तसा ट्रेलरवर चढतो. पण तो वाद कराचा होता. नियोजनाच्या कायद्याच्या व्याख्येतला दुसरा भाग, म्हणजे वापरातला बदल, वस्तू जखडली आहे का हे विचारतच नाही. शिवाय कायमपणा हा केवळ वस्तूच्या अंगचा गुण नसतो, तो माणसाच्या वागण्यातून दिसतो. डब्याला खिडकी कापली, वीज जोडली, शेजारी हौद बांधला, समोर ओटा घातला, पुढे पत्र्याची पडवी काढली, की उचलून नेण्याची शक्यता कागदावरच उरते. इंग्लंडमधली न्यायालयेही अशा वादात आकार, कायमपणा आणि जमिनीशी जोड या तीन गोष्टी एकत्र तोलतात. एकट्या जोडणीवर निकाल देत नाहीत. त्यामुळे डबा हलतो याचा उपयोग तो कसा हटवावा हे ठरवताना होईल. तो ठेवायला परवानगी हवी का, याचे उत्तर त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या भागात सर्वांत जास्त ऐकू येतो: वावर माझे, सातबारा माझ्या नावाचा, मग विचारायचे कुणाला? इथे कास्तकाराची बाजू बरीच बळकट आहे आणि ती त्याला ठाऊक असायला हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 41 प्रमाणे शेतीसाठी धारण केलेल्या जमिनीवर मशागत चांगली व्हावी म्हणून शेतावरील इमारत उभारण्याचा, विहीर खोदण्याचा, सुधारणा करण्याचा हक्क धारकाला आहे. शेतावरील इमारत म्हणजे काय हेही संहितेने सांगितले आहे: अवजारे, खत, वैरण साठवण्यासाठी, शेतमाल ठेवण्यासाठी, जनावरांच्या निवाऱ्यासाठी, धारकाचे कुटुंब, नोकर किंवा कुळे यांच्या राहण्यासाठी, किंवा कसण्याच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या इतर कामासाठी असलेली वास्तू. कापसाची कोठी, पंपाची खोली, सालदाराचा निवारा, जागलीची जागा हे सगळे या यादीत बसते. मात्र शहरांच्या आणि नगरपालिकांच्या लगतच्या पट्ट्यात संहितेने वेगळी बंधने घातली आहेत, आणि नियोजनाच्या नियमावलीत शेती विभागातील बांधकामाच्या अटी स्वतंत्र आहेत, त्यामुळे कलम 41 ने प्रश्नाचा निम्मा भाग सुटतो, पूर्ण नाही. आणि हा हक्क डब्याला मिळालेला नसून डब्यातल्या शेतीच्या कामाला मिळालेला आहे. त्याच डब्यात किराणा, चहा, मोबाइल दुरुस्ती किंवा बाहेरच्याला भाड्याने दिलेले गोदाम सुरू झाले, की धारकाच्या पायाखालचे कलम 41 निघून जाते आणि तो अकृषिक वापराच्या तरतुदींमध्ये येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींसाठी संहितेच्या कलम 42-ड ने वाट सोपी केली आहे, पण तीही आपोआप अंगाला लागत नाही. आकारणी भरून नोंद करून घ्यावी लागते.

एकच डबा चार ठिकाणी ठेवून पाहिला की हे नीट कळते. वावराच्या मध्यावर, अवजारांसाठी ठेवला, तर तो बहुतांशी शेतीचा भाग. राळेगाव नगरपंचायतीच्या हद्दीत रहिवासी प्लॉटवर ठेवला, तर सामासिक अंतरे, रस्त्याची रुंदी, शेजाऱ्याचा उजेड-वारा हे सगळे प्रश्न इतर कुठल्याही खोलीसारखेच येतात. चालू बांधकामाच्या जागेवर साइट ऑफिस, चौकीदाराची खोली, साहित्याचे कोठार म्हणून ठेवला, तर नियमावलीत तात्पुरत्या रचनांसाठी ठराविक मुदतीची वेगळी सोय आहे आणि मुख्य काम संपले की तो हटला पाहिजे. तोच डबा वडकीला नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेला धाब्यासाठी ठेवला, तर प्रश्न एकदम कठीण होतो. राष्ट्रीय महामार्गाला मध्यरेषेपासून 40 मीटरवर इमारत रेषा आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा मानली जाते, आणि 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याप्रमाणे रस्त्यावरून जागेत वळण्यासाठीसुद्धा परवानगी लागते. तिथे प्रश्न पोलादाचा किंवा पायाचा नसून भरधाव वाहतुकीतून अचानक वळणाऱ्या ट्रकचा असतो. डब्याचे वजन, रंग, मालकी चारही ठिकाणी सारखी आणि उत्तरे चार. नियम वस्तूकडे न पाहता वापराकडे पाहतात ते याच कारणाने.

आता तिसरी बाजू, आतल्या माणसाची. परवानगीची चर्चा बहुतेक वेळा जमिनीवर आणि शुल्कावर अडकते, पण डबा जवळून पाहिला तर बांधकामाचे नियम कुणासाठी आहेत हे लगेच कळते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीची रुंदी किमान 2.4 मीटर आणि उंची किमान 2.75 मीटर हवी. साध्या 20 फुटी कंटेनरची आतली रुंदी सुमारे 2.35 मीटर आणि उंची सुमारे 2.39 मीटर भरते. हाय-क्यूब नावाचा उंच डबा घेतला तरी आत 2.7 मीटरच्या आसपासच उंची मिळते. ‘पाच-सहा सेंटिमीटरसाठी काय अडवता?’ असे कुणी म्हणेल. पण साध्या डब्यात उंचीची तूट फूटभराहून जास्त आहे, उष्णता रोखणारे अस्तर लावले की मोजमाप आणखी घटते, आणि डोक्यावरचे छत म्हणजे यवतमाळच्या मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जात असताना तापलेला पत्रा. मूळ डब्याला खिडकी नसते. नावापुरत्या चार-दोन झरोक्यांनी वारा खेळत नाही. कोरड्या उष्ण हवामानात उजेड-वाऱ्याची उघडी जागा, दारे वगळून, जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश असावी असे संहिता सांगते, म्हणजे या डब्याला जवळजवळ दीड चौरस मीटर खिडकी कापावी लागते. मूळच्या दोन झडपांचे दांडे बाहेरूनच फिरतात. समुद्रावर मालाच्या रक्षणासाठी ते योग्य आहे, पण आत सालदार झोपला असताना बाहेरून दांडा पडला किंवा आग लागली, तर तीच झडप जीवघेणी ठरते. आतली जमीन 28 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची असते आणि वाळवी-किडीपासून वाचवण्यासाठी तिला औषध पाजलेले असते. दारावरच्या धातूच्या पट्टीवर त्या औषधाचे नाव आणि तारीख कोरलेली सापडते. त्यावर अन्न ठेवायचे, मूल निजवायचे तर ती पट्टी आधी वाचायला हवी. वीज घेतली तर सगळा डबा धातूचा असल्याने अर्थिंगला पर्याय नाही.

मालासाठी ठेवलेल्या डब्याचीही काळजी वेगळी आहे. भारतीय कापूस महामंडळ 8 ते 12 टक्के ओलाव्याचा कापूस घेते; बंद पोलादी पेटीत थंडीच्या रात्री आतली वाफ छताला थिजते आणि पहाटे थेंब थेंब गंजीवर पडते. वायुवीजन आणि आतून अस्तर नसेल तर घरातल्या खोलीपेक्षा डबा वाईट. काळ्या मातीवर चार कोपऱ्यांखाली नुसते दगड ठेवले की पहिल्या पावसाळ्यात एक कोपरा खचतो, चौकट तिरकी होते आणि झडपा मिटेनाशा होतात. पाया लागत नाही हे विधान इथेच खोटे पडते. नाल्याकाठी तर हिशेब फारच सोपा आहे: रिकामा 20 फुटी डबा सुमारे सव्वादोन टन, त्याचा तळ सुमारे 15 चौरस मीटर, म्हणजे आत पाणी शिरले नाही तर तळाभोवती जेमतेम सहा इंच पाणी चढताच तो तरंगू लागतो. वर्धा नदीच्या आणि तिच्या नाल्यांच्या मुलखात पूररेषेची अट ही कागदी अट नाही. डबा वाहत जाऊन पुलाच्या कमानीत अडकला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. परवानगीसाठी जो नकाशा मागतात, त्यात जागेची उंची, नाल्याचे अंतर, कोपऱ्यांचे पेडेस्टल, दार-खिडकी दाखवावी लागते; हे प्रश्न स्वतःला विचारायला भाग पाडणे हेच त्या कागदाचे खरे काम.

यावर उरलेले आक्षेप दोन, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की रस्त्यावर शेकडो टपऱ्या, खोके विनापरवाना उभे आहेत, सरकारी कामांवरही कंटेनरची ऑफिसे असतात, मग नियम एकट्या कास्तकारालाच का? सरकारी कामावरची ऑफिसे तात्पुरत्या मुदतीच्या सोयीत बसतात, आणि काम संपल्यावर तिथेच राहिली तर तीही चूकच. टपऱ्यांचा प्रश्न सार्वजनिक जागेचा आणि पोटापाण्याचा आहे, त्याला फेरीवाल्यांचा 2014 चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. शेजाऱ्यावर कारवाई झाली नाही हे आपल्या डब्याचे संरक्षण होत नाही. ज्या दिवशी कुणी तक्रार करतो त्या दिवशी हातात कागद असणारा आणि नसणारा एवढाच फरक उरतो. दुसरा आक्षेप जास्त बोचतो. प्रक्रिया लांब, शुल्क वेगवेगळी, ग्रामपंचायत, तहसील, नगररचना, महामार्ग अशा चार दारांत एकाच कागदाच्या चार प्रती. दोन-तीन एकरांच्या मालकाला हे परवडत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच जिथे वाट सोपी केली आहे तिथे ती वापरली पाहिजे. नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचे बांधकाम कमी जोखमीच्या गटात धरले आहे. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क देऊन काम सुरू करता येते. 150 ते 300 चौरस मीटरपर्यंत परवानगीची मुदत दिवसांत मोजलेली आहे. आणि नगररचना अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे, अर्ज नियमांत बसणारा असेल आणि 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पण हा लाभ अर्ज करणाऱ्यालाच मिळतो. अर्जच नसेल तर मुदत कशापासून मोजायची?

माझे म्हणणे इथे थांबत नाही, कारण सगळा भार जागामालकावर टाकणे न्यायाचे नाही. शेतीसाठी ठेवलेल्या एका डब्याची आणि तीन मजली इमारतीची फाइल एकाच जाडीची असू नये. ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे भरता येईल असा एका पानाचा मराठी नमुना पुरेसा ठरेल: गट क्रमांक, डब्याचे माप, हेतू, मुदत, रस्त्यापासून आणि नाल्यापासून अंतर, आत माणूस राहणार का, आणि राहणार असल्यास आतून उघडणारे दार, खिडकी, अर्थिंग यांची खूण. हेतू शेतीचा असेल तर नोंद, नसेल तर परवानगी. माणूस झोपणार असेल तर तज्ज्ञाची तपासणी. यात नवा कायदा करावा लागत नाही. महसूल संहितेचे कलम 41, ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चे इमारतींवरील नियंत्रणाचे कलम 52 आणि नियमावली यांत हे तत्त्व आधीच आहे. ते कास्तकाराच्या हातात पडेल एवढे छोटे करायचे आहे. अशी नोंद असली तर वादळात डबा उलथल्यावर पंचनाम्यात काय लिहायचे हे ठरते, विमा आणि कर्ज मागता येते, वाटणीत भावाभावांत डबा कोणाच्या हिश्श्यात याचा वाद टळतो, आणि पाच वर्षांनी नोटीस आली तर ‘कधीपासून, कशासाठी’ याचे उत्तर तयार असते.

जागेवर ट्रेलर येतो, हायड्रा साखळ्या लावतो आणि चालक विचारतो, कुठे टेकवू? बहुतेक ठिकाणी त्या क्षणीच पहिल्यांदा विचार होतो की धुऱ्याला लावावा की विहिरीजवळ, दार कोणत्या अंगाला, पांदण पावसाळ्यात चालू राहील का. पाच मिनिटांत घेतलेला तो निर्णय पुढे वर्षानुवर्षे त्या जमिनीवर बसून राहतो, कारण हायड्राचे भाडे पुन्हा कुणी सहज भरत नाही. डबा हलवता येतो म्हणून तो हलवला जातोच असे नाही. म्हणून हेतू, जागा आणि मुदत ही तीन उत्तरे साखळी सुटण्याआधी कागदावर आली पाहिजेत. ती एकदा लिहिली की परवानगीचे उरलेले काम फारसे अवघड राहत नाही, आणि लिहिली नाहीत तर डबा कितीही मजबूत असला तरी मालकाचा त्यावरचा हक्क कच्चाच राहतो.